मुंबईच्या फ्लॅटमध्ये घरचा साबण: पहिला घाणा नीट कसा उतरवायचा

साबण करणं म्हणजे स्वयंपाकच, असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं माना. आमटीत मीठ जास्त पडलं तर पाणी वाढवून निभावतं. साबणात कॉस्टिक दहा ग्रॅम जास्त पडलं तर वडी दिसायला छान होते आणि अंगाची आग करते. म्हणून इथे 'अंदाजे', 'चवीपुरतं', 'वाटीभर' चालत नाही. सगळं वजनावर, तेलसुद्धा.

इथे दिलेली पद्धत कोल्ड प्रोसेसची आहे. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घुसळायचं, साच्यात ओतायचं, दोन दिवसांनी कापायचं आणि सहा आठवडे वाळवायचं. तेल आणि सोड्याचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. वाळलेल्या वडीत मोकळा सोडा उरत नाही, पण हे गणित बरोबर असेल तरच.

१. आधी ठरवा: कॉस्टिक हाताळायचं की नाही

घरात रांगतं मूल असेल, स्वयंपाकघराला दार नसेल आणि दोन तास एकांत मिळणं अशक्य असेल, तर कॉस्टिकच्या वाटेला जाऊ नका. बाजारात तयार ग्लिसरीन सोप बेस किलोवर मिळतो. त्याचे तुकडे करून गरम पाण्याच्या टोपावर वितळवायचे, रंग-सुगंध घालायचा, साच्यात ओतायचं. दोन तासांत साबण तयार. त्यात कमीपणा काही नाही. फक्त मुंबईच्या हवेत त्याला घाम लवकर फुटतो, म्हणून साच्यातून निघाल्या निघाल्या क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचा.

पुढचं सगळं कॉस्टिक वापरणाऱ्यांसाठी.

२. सामान

*कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड), ५०० ग्रॅम.* पाकिटावर शुद्धता ९८ टक्के किंवा जास्त लिहिलेली हवी. दाणे किंवा पापुद्रे, दोन्ही चालतात. इथे पहिली फसगत होते. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा. त्या दोन्हींनी साबण होत नाही. मोरी तुंबल्यावर टाकायच्या पावडरीही नकोत, काहींत ॲल्युमिनियमचे कण असतात. आणि स्वस्त पडतं म्हणून पाच किलो उचलू नका. हा सोडा हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर काही मिनिटांत दाणे चिकट होतात आणि हळूहळू त्यांचा गोळा बनतो. मग काट्यावर वजन पुरं दिसलं तरी त्यात सोडा कमी आणि पाणी जास्त असतं, आणि साबण मऊ, तेलकट राहतो. आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात भरा आणि वर ठळक अक्षरात लिहा. साखरेच्या जुन्या बरणीत तर अजिबात नको.

*तेलं.* खोबरेल, ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल), एरंडेल. खोबरेल खाण्याचं घ्या, किंवा दादर-गिरगावकडच्या घाण्याचं. केसांसाठीच्या तेलाच्या बाटलीवर मागची बारीक अक्षरं वाचा. लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल लिहिलं असेल तर त्याचा साबण होत नाही, ते नुसतं तेलच राहतं. ऑलिव्ह एक्स्ट्रा व्हर्जिन घेणं म्हणजे पैसे मोरीत. पोमेस स्वस्त आणि घट्टही लवकर होतं.

*पाणी.* डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायचं पाणी चालतं, मात्र शेजारीच बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं, लेबल दोनदा वाचा. अगदीच नाही तर घरच्या आरओचं. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी नको. त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून पांढरा साका करतं आणि फेस मारतं.

*भांडी.* स्टीलचा तीन लिटरचा टोप, सोड्यासाठी जाड प्लास्टिकचा दांड्याचा मग (तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला), सिलिकॉनचं उलथनं, स्टीलच्या दांड्याचा हॅन्ड ब्लेंडर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, थर्मामीटर. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम पूर्ण बाद. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. टोप काळा पडतो, आतलं मिश्रण फसफसून वर येतं. आपल्या घरातला जुना टोप बहुधा हिंडालियमचाच असतो, म्हणून हे ठळक केलं. तांबं-पितळही नको. काचेचा ग्लास उष्णतेने तडकतो आणि पाण्याची रिकामी बाटली मऊ पडून वाकते.

*अंगावर.* डोळे बाजूनेही झाकणारा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, बंद चप्पल. चष्म्यावर तडजोड नाही.

*साचा.* साधारण एक लिटरचा सिलिकॉनचा ब्रेडचा साचा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. आइसक्रीमचा प्लास्टिकचा डबा बटर पेपर लावूनही चालतो. दुधा-ज्यूसचे टेट्रा पॅक अनेक जण सुचवतात, पण आतल्या पातळ प्लास्टिकमागे ॲल्युमिनियमचा थर असतो. ओरखडा गेला की संपलं.

कॉस्टिक आणि सुगंधी तेलांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट आणि मशीद बंदरची वडगादी या दोन जागा पुरतात. दुकानात 'साबणासाठी, अंगाला लावायच्या' असं स्पष्ट सांगा. नाहीतर अगरबत्तीचं परफ्यूम हातात पडतं. वास तोच, पण ते त्वचेसाठी नसतं आणि मिश्रण दहा सेकंदात दगड करू शकतं.

३. हिशेब

प्रत्येक तेलाला साबण व्हायला किती सोडा लागतो ते ठरलेलं असतं. १०० ग्रॅम तेलामागे सोडा असा: खोबरेल १८.३ ग्रॅम, ऑलिव्ह १३.५, एरंडेल १२.८. वेगवेगळ्या तक्त्यांत दशांशाचा फरक दिसतो, त्याने घाबरू नका.

पहिल्या घाण्यासाठी:

- खोबरेल २०० ग्रॅम (फेस आणि कडकपणा)
- ऑलिव्ह पोमेस २५० ग्रॅम (मऊपणा)
- एरंडेल ५० ग्रॅम (फेस टिकायला)
- कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम
- डिस्टिल्ड पाणी १४२ ग्रॅम, म्हणजे सोड्याच्या दुप्पट

आता गुणाकार करून बघा: ३६.६ अधिक ३३.७५ अधिक ६.४, म्हणजे ७६.७५ ग्रॅम सोड्याने हे तेल पूर्ण मुरेल. आपण ७१ घेतो. सुमारे साडेसात टक्के तेल मुद्दाम मोकळं सोडतो. याला सुपरफॅट म्हणतात. काट्याची चूक आणि सोड्याच्या शुद्धतेतला फरक यातच मावतो, आणि खोबरेलाच्या साबणाने अंग कोरडं पडतं तेही कमी होतं. 'चांगला कडक व्हावा' म्हणून सोडा वाढवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

तेल मिलीलिटरमध्ये मोजू नका. एक लिटर तेल हे किलो नसतं, बहुतेक तेलं ९१०-९२० ग्रॅम भरतात. पिशवीवर दोन्ही आकडे छापलेले असतात.

वडी आणखी टणक हवी असेल तर २५ ग्रॅम ऑलिव्हऐवजी २५ ग्रॅम कोकमाचं मुठेल घाला. टाचांच्या भेगांसाठी कोकणातून येतं तेच. त्याला सोडा ऑलिव्हइतकाच लागतो, त्यामुळे हिशेब बदलत नाही. मात्र ते वितळवूनच घाला. बाकी कुठलंही तेल बदललंत तर गणित पुन्हा करा. खोबरेलाऐवजी तेवढंच शेंगदाणा तेल घालून सोडा ७१ च ठेवला, तर तो साबण अंगाला लावायचा नसतो.

४. जागा आणि वेळ

दुपारची वेळ बरी; घरात माणसं कमी, ओटा रिकामा. गॅस बंद, खिडकी उघडी, पंखा थेट काट्यावर येणार नाही असा. बाल्कनीत करायचं असेल तर कबुतरं आणि खालून जाणारी माणसं दोन्ही लक्षात घ्या. मांजर असेल तर दुसऱ्या खोलीत बंद.

पाणी ही खरी अडचण. अनेक इमारतींत नळाला ठराविक वेळीच पाणी असतं. कॉस्टिक उघडण्याआधी नळ सुरू आहे का ते बघा, आणि तरीही भरलेली बादली व मग हाताशी ठेवा. कॉस्टिक त्वचेवर उडालं तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, भिजलेले कपडे लगेच काढायचे. अंगावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. ते ओटा पुसायला ठीक. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा.

५. सोड्याचं पाणी

मगात आधी पाणी, मग त्यात सोडा, थोडा थोडा, ढवळत. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. तसं केलं तर तळाशी एकदम उष्णता निघते आणि मिश्रण उसळून तोंडावर येतं. पाणी गार असू द्या. एप्रिल-मेमध्ये फ्रिजमधलं घ्या. सोडा विरघळताना पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि पहिली एक-दोन मिनिटं घसा धरणारी वाफ येते. तोंड मागे, मग खिडकीपाशी.

तळाशी दाणे बसले असतील तर ढवळून पूर्ण विरघळवा. पाणी आधी दुधी दिसतं, मग स्वच्छ होतं. मग परातीतल्या गार पाण्यात मग ठेवलात की साधारण २० मिनिटांत ३५-४० अंशांवर येतं. परात स्टीलची. तोवर मग एकटा सोडून फोन घ्यायला जाऊ नका, तो पाण्याच्या ग्लाससारखाच दिसतो.

६. घुसळण

मुंबईत खोबरेल डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटा सोडल्या तर पातळच असतं, म्हणून तेल तापवायची गरज सहसा नसते. तिन्ही तेलं टोपात एकत्र करा. गोठलेलं काही असेल तर आधी पूर्ण वितळवा. नाहीतर घुसळताना मिश्रण घट्ट झाल्यासारखं दिसतं, तुम्ही ओतून मोकळे होता, आणि दुसऱ्या दिवशी वर तेलाचा थर तरंगतो.

सोड्याचं पाणी गाळण्यातून (स्टील किंवा प्लास्टिकच्या) तेलात हळू ओता. ब्लेंडर तिरका बुडवून आतली हवा बाहेर जाऊ द्या, मग सरळ करा. पाच सेकंद चालवा, बंद करून त्याच दांड्याने पंधरा सेकंद ढवळा, पुन्हा पाच सेकंद. सलग चालवला तर तीन मिनिटांत गोळा होतो आणि साचा भरायला वेळ उरत नाही. रवीनेही होतं, फक्त अर्धा ते एक तास हात चालवायची तयारी हवी.

काय बघायचं? आधी पिवळं तेल धूसर होतं, मग एकजीव फिकट रंग येतो. उलथन्यावरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवून बुडते. याला ट्रेस म्हणतात. मिश्रण पातळ कढीसारखं असेल तर हलका ट्रेस, धिरड्याच्या पिठासारखं झालं की मध्यम, श्रीखंडासारखं झालं की उशीर झाला. सुगंध हलक्या ट्रेसला घाला, हाताने ढवळून, आणि लगेच साच्यात. नुसताच साबण करत असाल तर मध्यमपर्यंत न्या.

सुगंधी तेल ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम पुरे. लॅव्हेंडर सगळ्यात निमूट वागतं. लवंग आणि दालचिनीची तेलं मिश्रण झटकन घट्ट करतात आणि त्वचेला झोंबतात, सुरुवातीला दूर ठेवा. अल्कोहोल असलेला स्प्रे-परफ्यूम घालूच नका.

आता हळद. पहिल्या घाण्यात बेसन-हळद-गुलाबपाकळ्या घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. हळदीला चुना लावला की कुंकू होतं हे आपल्याला माहीत आहे. कॉस्टिकमध्येही तेच होतं. हळद घातल्याबरोबर मिश्रण लालभडक होतं, आणि वाळेपर्यंत नारिंगी-तपकिरीकडे झुकतं. बिघडलं समजून टाकू नका, पण पिवळ्याची अपेक्षाही ठेवू नका. गुलाबपाकळ्या काळपट होतात, कडुनिंबाची हिरवी पूड तपकिरी पडते. मुलतानी माती आणि कॉफी रंग टिकवतात. एक चमचा, थोड्या तेलात कालवून. दूध आणि मध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवा. त्यातल्या साखरेने मिश्रण तापतं आणि इथल्या उकाड्यात साच्यातून फुगून बाहेर येतं. खरं सांगायचं तर पहिला घाणा बिनवासाचा, बिनरंगाचा करा. चुकलं तर कुठे चुकलं ते तरी कळेल.

७. साच्यात

ओता, साचा ओट्यावर दोन-चारदा आपटून हवा काढा, वर क्लिंग फिल्म लावा. हवा लागली तर वर पांढरी भुकटी धरते. ती सोडा ॲशची, खरवडून टाकता येते, अपायकारक नाही. परदेशी व्हिडिओंत साचा टॉवेलात गुंडाळतात, इथे गरज नाही. उलट मार्च ते जूनमध्ये मधोमध भेग पडली किंवा गडद वर्तुळ दिसलं तर साचा आतून जास्त तापला असं समजा. पंख्याखाली ठेवा.

भांडी लगेच धुवायला घेऊ नका. मोजे घालूनच जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढा आणि टोप दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच बाजूला ठेवा. तोवर चिकटलेल्या मिश्रणाचा साबण होतो आणि भांडं स्वतःच्याच साबणाने निघतं. कच्चं मिश्रण मोरीत गेलं तर पाईपमध्ये थिजतं, आणि मग खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

८. कापणं आणि जिभेची परीक्षा

२४ ते ४८ तासांनी बोटाने दाबून बघा. चीजच्या ठोकळ्याइतका घट्ट झाला की मोजे घालून काढा आणि पातळ सुरीने अडीच सेंटिमीटरच्या वड्या पाडा. या घाण्यात शंभरेक ग्रॅमच्या सात वड्या होतात. खोबरेल असल्याने फार दिवस थांबलात तर कापताना कडा तुटतात.

तीन दिवसांनी ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा. नुसती साबणाची चव आली तर ठीक. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लागल्यासारखा झटका बसला तर मोकळा सोडा आहे. आठवड्याने पुन्हा करा, तरी झटका असेल तर ती वडी अंगाला नाही. कापताना आत पांढरे टणक खडे किंवा पाण्याचे थेंब दिसले तर ही परीक्षाही नको, तो न मिसळलेला सोडा आहे.

९. वाळवण

मुंबईत साबण बिघडतो तो इथे. सहा आठवडे वड्या उघड्या हवेत, एकमेकींना न चिकटता, प्लास्टिकच्या जाळीवर किंवा बटर पेपरवर. आठवड्यातून एकदा उलटायच्या. वर्तमानपत्रावर शाई लागते, लोखंडी जाळीने नारिंगी डाग पडतात. कपाट बंद नको, आणि डांबराच्या गोळ्यांजवळ तर नकोच. साबण वास शोषतो आणि सोडत नाही.

सहा आठवडे हा आकडा कोरड्या हवेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, तिथे आठ आठवडेही लागतात. त्यामुळे कॅलेंडर बघू नका, काटा बघा. एका वडीवर टोकाने खूण करून दर रविवारी वजन लिहा. शंभर ग्रॅमची वडी नव्वदीच्या आसपास येते. दोन रविवार वजन हललं नाही की झालं. पावसाळ्यात वडीवर दवासारखे थेंब येतात. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, साबण खराब झालेला नसतो. पुसू नका, पंखा लावा. ओल्या वड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळणं ही सगळ्यात महागडी चूक.

शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नरक चतुर्दशीला उटण्याशेजारी स्वतःचा साबण हवा असेल तर घाणा निदान दोन महिने आधी लागलेला हवा.

१०. बिघडलं तर

- *वर तेल साचलं:* घुसळण कमी, किंवा सोडा ओलावलेला. वजनं बरोबर होती याची खात्री असेल तरच किसून, दोन-तीन चमचे पाणी घालून, गरम पाण्याच्या टोपावर मंद आचेवर मऊ करा आणि पुन्हा साच्यात दाबा.
- *भुसभुशीत, तुकडे पडतात, जिभेला झटका बसतो:* सोडा जास्त. फेकून द्या.
- *आठवडाभर मऊच:* पाणी जास्त, किंवा खोबरेल कमी. थांबा, बहुतेक वेळा सुकतो.
- *काही महिन्यांनी नारिंगी ठिपके आणि खवट वास:* तेलच जुनं होतं. तळणीतून उरलेल्या तेलाचा साबण करू बघणाऱ्यांना हे हमखास भेटतं.
- *मिश्रण अचानक दगड:* सुगंध. दाबून साच्यात भरा. वडी ओबडधोबड होईल, पण वापरता येईल.

११. विकायचा विचार असेल तर

घरात वापरणं, नातेवाइकांना देणं हा छंद. विकायला काढलात की अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. सोसायटीच्या दिवाळी स्टॉललाही हे लागू आहे. भेट देतानाही चिठ्ठीवर तेलं, सुगंध आणि घाण्याची तारीख लिहा. कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते वडीकडे बघून कळत नाही.

पूर्ण वाळलेल्या वड्या बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्या तर वर्षभर टिकतात. न्हाणीघरात मात्र भोकं असलेली साबणदाणी हवी. पाणी साचलं तर सहा आठवडे वाळवलेली वडी सहा दिवसांत लगदा होते.